निळं साटीन

दोरीच्या मल्लखांबावर साटीन घसरतं. हे मला पक्कं माहीत होतं आणि माझ्या आईला, सीताबाईला, अजिबात माहीत नव्हतं. ती जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, दिवसभर कापूस निवडायची. तिनं साटीन आणलं तेच मुळी चमकतं म्हणून. निळंशार, वर चंदेरी गोट. शेजारच्या तानबा शिंप्याच्या मशीनवर बसून तिनं माझ्यासाठी सलवार-कमीज शिवली.

साल अठ्ठावन्न. आम्ही बौद्ध झालो त्याला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. देवळीच्या शाळेतून जिल्ह्याच्या स्पर्धेला मुलींमधून मी एकटीच जाणार होते. पहिली आले तर पुढे नागपूर, आणि नागपूर मला हवंच होतं. नियम असा की मुलींनी पांढरी जाडी खादी घालावी, गोट नको, चमक नको. पोशाखाला दहा गुण. आमच्या वर्ध्याला साधेपणाचं भारी कौतुक. ज्यांच्या घरी कपड्यांनी पेट्या भरलेल्या असतात त्यांना तो सोपा जातो, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

साटीन घालून सराव केला तर दोनदा सरकन खाली आले, तळहात सोलून निघाले. मल्लखांब शिकवणाऱ्या आमच्या सुमतीबाईंनी कपाळावर हात मारला. खादी दोरी धरते, उगीच हट्ट करू नकोस, असं त्या समजावत राहिल्या. पण आईला सांगायची माझी छाती होईना.

स्पर्धेच्या दिवशी आई खाडा करून सोबत आली. मुख्य परीक्षक अच्युतराव भला माणूस. मला पाहून ते रागावले नाहीत, उलट हळहळले. त्यांनी पेटीतून धुतलेला खादीचा जोड काढून माझ्यापुढे धरला. कुणाकुणाच्या घरचे जुने कपडे गरीब मुलींसाठी ठेवलेले असतात म्हणाले, लाजू नकोस. सुमतीबाईंनी मागून मला ढोसलं. खोटं कशाला सांगू, माझा हात पुढे झाला होता.

आई मध्ये आली. आवाज न चढवता म्हणाली, "दुसऱ्याच्या अंगावरचं आमी लय घातलं जी. मढ्यावरचंबी घातलं. हे माह्या धुरपतासाठी कोरं शिवलं हाये. ते हेच घालीन."

माझा हात मागे आला. मला आईचा अभिमान वाटला आणि दोरीची भीती, दोन्ही एकदमच.

माझं नाव पुकारलं. मी दोरीखाली उभी राहिले आणि मग मला सुचलं. मुलगे लंगोटावर चढतात ते काही हौसेनं नाही, दोरी कातडीला धरते म्हणून. मी वेण्यांच्या रिबिनी सोडल्या, सलवार गुडघ्यांच्या वर गुंडाळली आणि रिबिनींनी करकचून बांधली. मांडवात कुजबूज झाली. कुणीतरी मान फिरवली. फिरवू दे म्हटलं, आणि अंगठ्यात दोरी धरून चढले. पिंढऱ्या सोलल्या, पण दोरी सुटली नाही. वर जाऊन दोन्ही हात सोडून आडवी झाले तेव्हा खाली एवढीशी आई दिसत होती, तोंडाला पदर लावलेली.

खेळात सगळ्यांत जास्त गुण मला. पोशाखाला शून्य. चार गुणांनी दुसरी आले.

प्रशस्तिपत्र देताना अच्युतराव हळूच म्हणाले, "तो जोड घातला असतास तर नागपूरला गेली असतीस, बाळ."

रडू येत होतं, ते मी लपवलं नाही. कागद परत त्यांच्या टेबलावर ठेवला. "पोशाखाले शून्य काऊन देलं, तेबी ह्याच्यावर लिहा जी. मायले वाचता येत नाई, मी तिले वाचून दाखवीन."

त्यांनी पेन उघडलं. कागदाकडे पाहत राहिले. मागे बक्षिसांची रांग खोळंबली, कुणीतरी मला सरक म्हणालं.

मी सरकले नाही.