डोरीनचा टिल्ट

"सिरिल, तुझं हे यंत्र लबाड आहे," डोरीन म्हणाली.

मी गॅरेजच्या कोपऱ्यात चहाचं पाणी ठेवत होतो. "लबाड कसलं? एकसष्ट हजार गुण झालेत तुझे! माझे कधी झाले नाहीत."

"म्हणूनच म्हणते."

मोरकॅमच्या पियरवर, समुद्रात गेलेल्या त्या लाकडी धक्क्यावर, मी गेम पार्लरचा मेकॅनिक होतो तेव्हा ही शेजारच्या गाड्यावर म्हातारीचे केस विकायची. जेवणाच्या सुट्टीत येऊन पिनबॉलच्या यंत्रावर भल्याभल्यांना पाणी पाजायची. काय हात होते तिचे! आतली पोलादी गोळी भलतीकडे निघाली की यंत्राला कमरेनं हलका रेटा द्यायची, आणि गोळी मुकाट वळायची. रेटा जास्त झाला तर आतला लोलक भोवतीच्या कडीला टेकतो, दिवे जातात, गोळी बाद. त्याला टिल्ट म्हणतात. डोरीनचा टिल्ट मी नऊ उन्हाळ्यांत दोनदा पाहिला.

पुढे पियर पाडलं. निवृत्तीनंतर जुने सुटे भाग जमवून मी हे यंत्र बांधलं. दिवे आणि गुण सांभाळायला मुलाचा ऐंशीच्या दशकातला संगणक जोडला, कॅसेटवरून प्रोग्राम चढवावा लागतो तो. दोन वर्षं गेली. खरं सांगतो, सगळं तिच्यासाठी केलं. पण तोवर तिचे हात कापायला लागले होते. त्या कापण्यानंच लोलक टेकला असता, म्हणून मी प्रोग्राममध्ये गुपचूप एक ओळ घातली: टिल्टकडे लक्ष देऊ नकोस.

आता तिनं मुद्दाम यंत्राला कमरेनं जोरात ढुशी दिली. दिवे चालूच राहिले.

"तार सुटली असेल," मी पुटपुटलो.

"तुझी तार? चाळीस वर्षांत कधी सुटली नाही ती! खरं बोल."

सांगितलं.

"पियरवर येणाऱ्या शाळेतल्या पोरांनासुद्धा तू कधी सूट दिली नाहीस," ती म्हणाली. "मला कशाला रे?"

"अगं, तुझे हात..."

"हात माझे आहेत. तू ओळ खोड. आणि गुणांच्या यादीतले ते एकसष्ट हजारही पूस."

त्या जुन्या संगणकावर ओळीचा नुसता क्रमांक टाइप करून बटण दाबलं की ती ओळ जाते. मी दाबलं, गुणही पुसले. ती शेजारी उभी राहून बघत होती.

पहिली गोळी चार सेकंदांत टिल्ट. दुसरीही तशीच. तिसरीला तिनं श्वास रोखून धरला, दोन झकास फटके मारले, आणि दिवे गेले.

"किती?"

"एक हजार दोनशे चाळीस."

"मांड यादीत."

"शेवटी येईल."

"मग शेवटी मांड की!"

मी मांडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, बाई मात्र खुशीत होती. "मंगळवारी पुन्हा येते, बघतेच तुला," यंत्राला म्हणाली.

निघताना तिनं कोट घातला. बटण काजात जाईना. दोनदा झटली, मग हात खाली सोडून माझ्यासमोर उभी राहिली. मी एकेक करून सगळी बटणं लावली.