उंट शोधताना

आमच्या क्लबच्या बुद्धिबळ स्पर्धेत मी पंच. पंचाने बोलायचं नसतं, नुसतं मोजायचं असतं. म्हणून हे काम मला मानवतं.

पहिल्या टेबलावर पांढऱ्या बाजूला घड्याळदुरुस्तीवाले काका, समोर औषधवाला. बावीस वर्षांत त्याने काकांना एकदाही हरवलेलं नाही. जिद्द दांडगी, डोकं बेताचं. शेजारी काकांची लेक. गेल्या महिन्यात काकांनी तीन गिऱ्हाइकांना एकमेकांची घड्याळं देऊन टाकली. "दुकान बंद करा, माझ्याकडे राहायला या," ती म्हणाली. काका म्हणाले, "रविवारचा डाव बघ. डोकं गेलंय असं वाटलं तर किल्ली घे."

सुरुवात काकांची नेहमीचीच: राजापुढचं प्यादं, घोडा, उंट. हात पाढे म्हटल्यासारखा चालत होता, आणि दर चालीनंतर कागदावर मोत्यासारख्या अक्षरात नोंद. लेकीचे खांदे सैल झाले.

चौथ्या चालीला औषधवाल्याने घोडा काढायचा सोडून प्यादं ढकललं, थेट उंटाच्या अंगावर. शेंबडं पोरही उंट हलवेल. काकांनी उंट तसाच सोडून शांतपणे राजा-हत्तीचं कॅसलिंग केलं.

औषधवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. त्याने उंट मारला आणि चोरल्यासारखा मुठीतच ठेवला.

काकांनी हत्ती सरकवला. सातव्या चालीला त्यांचा हात उंट मागे घ्यायला गेला, आणि अधांतरी थांबला.

"खाली पडला वाटतं," म्हणत ते टेबलाखाली वाकले. औषधवालाही वाकला. दोघं उंट शोधू लागले. तो याच्या मुठीत.

"काका, बरोबरी करू या," औषधवाला खालूनच म्हणाला.

"हरायला लागलास की बरोबरी! बावीस वर्षं हेच रडगाणं!"

लेकीने त्यांचा कागद ओढला. चालींची नोंद वाचायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. चौथी चाल, काळ्याची: घोडा. पुढेही पुस्तकातला डाव, दोन्ही बाजूंचा, एक खाडाखोड नाही.

"हा घोडा खेळला गेला?" तिने मला विचारलं.

पंचाने खोटं बोलू नये असा नियम आहे. नियम करणाऱ्याला लेक नसावी.

"नाही."

"बाबा, किल्ली द्या."

काका गुडघे झटकत वर आले. खिशातून किल्ली काढून त्यांनी लगेच तिच्या हातावर ठेवली.

"बरं सुचलं तुला. दुकानात उजव्या खणात जादा उंट आहे, तो आण. पळ, माझं घड्याळ चालू आहे."

मी टेबलावरचं डावाचं घड्याळ पाहिलं. त्यांच्याकडे अजून एक तास बावीस मिनिटं होती.