काकडीवाले नंदूसाहेब

चित्रलेखा पुण्यातल्या हॉस्पिटलात मुरलेली डाएटिशियन. पण मेलबर्नला आल्यावर इथली परीक्षा द्यायची होती, तीच लॉकडाउनने पुढे ढकलली. नुसतं न्यूट्रिशनिस्ट म्हणवून घ्यायला मात्र इथे परीक्षाच नाही. झालं! घरात कंटाळलेला तिचा आयटीवाला नवरा नंदू झूमवर न्यूट्रिशनिस्ट झाला.

"काकू, चार दिवस फक्त काकडी."

चित्रलेखा धावत कॅमेऱ्यासमोर आली. "काकू, मी डाएटिशियन आहे. आत्ताच इन्सुलिन घेते म्हणालात ना? उपाशी राहू नका, शुगर एकदम खाली जाईल!"

"तू कोण गं सांगणारी? इथली परीक्षा दिलीस?"

"अजून नाही."

"मग मध्ये बोलू नकोस. नंदूसाहेब, काकडी सालासकट?"

नंदूने घाबरून म्यूट दाबलं. "काय सांगू?"

"जेवायला सांग," ती म्हणाली. "तुझं ऐकतील."