चुलीला वळसा घालून मारलेली उडी

मित्रांनो, जातीचा मी घोडा. पण जन्मात कधी हरभरा चाखला नाही की एकदाही खिंकाळलो नाही. माझे पाय लाकडाचे, पोटात खऱ्या घोड्यांच्या शेपटीचे केस आणि अंगावर गाईचे कातडे. म्हणजे माझ्या घोडेपणात अर्धा वाटा गाईचाच. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, व्हर्बित्से गावात एका खोगीर शिवणाऱ्याने मला घडवले. त्याने हौसेने माझी मान जरा उंच ठेवली आणि मागे शेपूटही लावले. ते पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी हातात आले, आणि तेव्हापासून मी कसरतीच्या कामाला लागलो.

ही तुमच्या पणजोबांच्या काळातली गोष्ट. गावात सोकोल नावाचे व्यायाम मंडळ होते. मंडळात सगळ्यांनी एकमेकांना 'बंधू' म्हणायचे, असा दंडक होता. त्यामुळे भांडणातसुद्धा "बंधू, तू शुद्ध गाढव आहेस," असे आदरानेच म्हणावे लागे.

मंडळाला स्वतःची जागा नव्हती. आपोलेनाकाकूंच्या खाणावळीला लागून एक नाचघर होते, त्यात आमची कसरत चाले. शनिवारी तिथे नाच असे. मग माझ्या पाठीवर लोकांचे कोट, टोप्या आणि बिअरचे पेले येत. मी तक्रार केली नाही. ज्याच्या चार पायांपैकी एकही हलत नाही, त्याला तक्रार करून जायचे कुठे?

आता खरी अडचण ऐका. माझ्यावरून उडी मारायची म्हणजे मागून धावत यायचे, फळीवरून उसळायचे, माझ्या मानेवर हात टेकायचे आणि माझ्या अख्ख्या लांबीवरून पलीकडे उतरायचे. त्याला धाव लांब हवी. नाचघर तर आखूड! म्हणून धाव सुरू व्हायची काकूंच्या स्वयंपाकघरातून. मागच्या दारापासून निघायचे, चुलीला वळसा घालायचा, मधल्या दारातून नाचघरात शिरायचे आणि मग मी.

या वाटेवर सगळे अडखळत. कुणी रश्श्यात हात घाली, कुणी दाराची चौकट कपाळाने मोजी. एकटा हिनेक मात्र वाऱ्यासारखा येई. हा लाकडी पिंपे बनवणारा गडी. चुलीजवळ तो असा काही कलायचा की त्या वळणातूनच त्याच्या पायांत जोर भरायचा. अंगाला कोबीचा वास घेऊन तो माझ्यावरून उडून जायचा, आणि मागून काकूंचा आवाज यायचा, "मेल्या, झाकण पाडलंस!"

ही उडी पाहून प्रागच्या मोठ्या सोकोल मंडळाच्या लोकांनी त्याला देशाच्या संघात घेतले. प्रागला परदेशी संघांबरोबर सामने होते. तिथे घोडे कमी पडले, म्हणून खेड्यापाड्यांतून चांगले घोडे मागवले होते. त्यात माझीही वर्णी लागली. निघताना काकू कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"हिनेक, नीट ऐक. माझी चूल गेली कित्येक वर्षं तुमचा हा तमाशा सोसतेय. तिथे जाऊन तोंडावर पडलात, तर हा लाकडी प्राणी परत माझ्या दारात आणायचा नाही. त्या जागी मी टेबलं मांडीन."

"अहो काकू, मग आम्ही कसरत करायची कुठे?"

"शेतात करा. बेडकांना बंधू म्हणा."

मित्रांनो, माझ्या पोटातले केस उभे राहिले. माझे घर आता हिनेकच्या पायांवर होते.

मला बिअरच्या गाडीतून नेले. गाडी ओढणाऱ्या घोडीने एकदा मागे वळून पाहिले. घोडा असून मी गाडीत बसलेला बघितल्यावर तिने प्रागपर्यंत पुन्हा मान वळवली नाही.

मैदान केवढे मोठे! चहूकडे निशाणे, बँड आणि माणसेच माणसे. हिनेकची पाळी आली. मला ओळखून तो हसला. मग त्याने मागे वळून धावेची वाट पाहिली आणि त्याचे हसू विरले. वाट लांबलचक होती, सपाट होती आणि अगदी सरळ होती.

तो धावला. अर्ध्यात त्याचे पाय घोटाळले. माझ्याजवळ येऊन तो थांबला, घरी काहीतरी विसरून आलेल्या माणसासारखा. पहिली संधी गेली. आता एकच उरली.

त्याला कसरत शिकवणारे शाळामास्तर द्राहोश धावत आले. "बंधू, काय झालं काय तुला?"

"बंधू, वळणच येत नाही हो! वळण नाही, तर पायांत जोर आणू कुठून?"

"अरे बंधू, मूर्खा, समोर घोडा दिसतोय ना?"

"तेच तर! तो कसा, चुलीआडून एकदम समोर यायला पाहिजे. एवढ्या लांबून त्याच्याकडे बघत गेलं की डोक्यात विचार सुरू होतात."

अंगण वाकडे म्हणून नाचता येत नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. अंगण सरळ निघाले म्हणून अडून बसलेला आमचा हिनेक एकटाच.

प्रेक्षकांत उंच टोपीवाला एक शहरी गृहस्थ होता. तो मोठ्याने म्हणाला, "खेडवळ गडी! याला सशावरून उडी मारायला सांगा."

त्याच्या शेजारीच आपोलेनाकाकू बसल्या होत्या. त्या सणासुदीची टोपी घालून गावकऱ्यांबरोबर सामने बघायला आल्या होत्या. त्या उठल्या, पायऱ्या उतरल्या आणि थेट मैदानात आल्या.

"मास्तर, मला धावेच्या वाटेत उभी करा. गाव म्हणतं, मी आणि माझी चूल एकाच मापाच्या. आज त्या मापाचं काहीतरी भलं होऊ द्या."

पंच गोळा झाले. निरनिराळ्या भाषांत रणधुमाळी माजली. मिशांना पीळ दिलेल्या परदेशी पंचाचे म्हणणे, हे साहित्य यादीत नाही. द्राहोश म्हणाले, "धाव सरळच हवी, असं नियमात कुठं लिहिलंय ते दाखवा." कुणालाच दाखवता येईना. शेवटी निवाडा झाला: बाई उभ्या राहू शकतात, पण त्यांनी हलायचे नाही आणि बोलायचे नाही. हलल्या किंवा बोलल्या, तर उडी बाद.

हिनेक पांढराफटक पडला. "बंधू, हलणार नाहीत एक वेळ. पण बोलायचं नाही म्हणजे..."

काकू उभ्या राहिल्या. त्या दिवशी मैदानावर पुष्कळ अवघड कसरती झाल्या, पण काकूंच्या मुकेपणाएवढी अवघड एकही नव्हती.

"काय हो, चूल पेटली का?" टोपीवाला ओरडला. लोक हसले. काकूंची मान लाल झाली, कान लाल झाले. ओठ मात्र शिवल्यासारखे मिटलेले.

हिनेक निघाला. काकूंच्या रुंद घागऱ्याआड तो दिसेनासा झाला. मग तिथून कलता कलता असा बाहेर आला की त्याच्या कोपराने काकूंची टोपी उडाली. काकू हलल्या नाहीत. मी त्याला एकदम दिसलो. फळी कडाडली. माझ्या मानेवर त्याचे तापलेले तळहात टेकले, क्षणभर त्याचा सगळा भार मी पेलला, आणि तो माझ्यावरून पार गेला. पलीकडे उतरला तो खुंटा ठोकावा तसा.

पंचांनी निशाण खाली केले. तेव्हा काकू सावकाश टोपीवाल्याकडे वळल्या आणि तोवर साठलेले सगळे एका दमात बोलल्या. परदेशी संघांना त्यातला शब्दही कळला नाही, तरी त्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

पहिला नंबर फ्रान्सच्या एका देखण्या जवानाला मिळाला. हिनेक बराच खाली राहिला. पण तोंडावर काही पडला नाही. परतीच्या वाटेवर तो काकूंना भीत भीत म्हणाला, "काकू, मग ती टेबलं...?"

"टेबलं अंगणात मांडीन," काकू म्हणाल्या. "आणि माझी टोपी धुऊन दे आधी."

पुढे गावाने वर्गणी काढून मोठे, लांब, सरळ धावेचे व्यायामघर बांधले. हिनेक तिथे मुलांना शिकवू लागला. एखादे मूल माझ्यापुढे येऊन अडखळले, की तो ओरडत नसे. तो स्वतः बनवलेले एक रिकामे पिंप आणून वाटेत ठेवी आणि म्हणे, "हं, आता बघ." काही मुलांना त्याचा उपयोग व्हायचा, काहींना नाही.

आता मी म्हातारा झालो आहे. माझे कातडे भेगाळले आहे, आणि पोटाच्या उसवलेल्या शिवणीत कुणीतरी खाऊचे कागद कोंबले आहेत. मित्रांनो, जुन्या साहित्याला अधूनमधून तेलाचे बोट लावत जा. त्याने तुमच्याआधी कितीतरी जणांचा भार पेललेला असतो. आणि मैदानात कुणी वाकड्या वाटेने धावत आला तर हसू नका, त्याची वाटही अडवू नका. त्याला धावू द्या. माझ्याकडे तो कुठून आला, हे मी कधीच विचारले नाही. माझ्या मानेवर त्याचे हात पोहोचले, एवढे मला पुरले.