सहा जणांची फौज

भाले चोवीस, ढाली एकोणीस, शिरस्त्राणं सतरा. त्यातली दोन पत्र्याची, बाकीची कागदाच्या लगद्याची. चिकटवायच्या मिशा अकरा. सैनिक सहा.

नाटकातली अख्खी फौज एवढीच. एका विंगेत शिरायचं, पडद्यामागून धावता धावता शिरस्त्राण आणि मिशी बदलायची आणि दुसऱ्या विंगेतून पुन्हा गात यायचं. प्रेक्षकांना अफाट सैन्य दिसायचं. माझे मामा या फौजेत सव्वीस वर्षं होते. आता त्या संगीत नाटकाचा चित्रपट होत होता आणि पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन घरी बसलेल्या भाचीला मामांनीच दिग्दर्शकांच्या गळ्यात मारलं होतं. माझं काम एकच: एका शॉटमध्ये जे दिसलं, त्यात पुढच्या शॉटमध्ये फरक पडू द्यायचा नाही.

पहिल्याच टेकला फरक पडला नाही, हीच अडचण झाली. किल्ल्याच्या दरवाज्यातून बाहेर पडणारा दर सहावा सैनिक मामा होते आणि दर वेळी ते थेट कॅमेऱ्यात बघत होते.

"हे परत आले," दिग्दर्शक म्हणाले. "युद्धाला चाललेत की घरी काही विसरलेत?"

"रंगमंचावर चालायचं," मामा म्हणाले.

"तिथे मागच्या रांगेतल्याला तुमचं नाकसुद्धा दिसत नव्हतं. उद्या चाळीस माणसं बोलावतो. तुम्ही सहा जण घरी आराम करा."

मामा मटकन खाली बसले. मामीने माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे सांगून ठेवलं होतं, हे पडद्यावर दिसणार म्हणून.

"आता तिला काय तोंड दाखवू?"

"इथे सारखं दाखवलंत म्हणून तर ही वेळ आली," मी म्हणाले आणि दिग्दर्शकांकडे अजून एक टेक मागितला. जेवणाच्या सुट्टीच्या आत उरका, म्हणाले.

गाणं सव्वादोन मिनिटांचं. सिनेमासाठी भिंत चांगली लांबलचक बांधली होती, त्यामुळे वळसा घालून येईपर्यंत दोन सैनिकांमधून ट्रक गेला असता. मी सुताराला दरवाज्याजवळच, कॅमेऱ्यात येणार नाही अशा जागी, भिंतीला एक भोक पाडायला सांगितलं; बाहेर पडलेला सैनिक तिथूनच परत आत शिरेल.

"किल्ला शत्रूने फोडलेला ऐकलाय," प्लायवूडला करवत लावत तो म्हणाला. "आपल्याच फौजेने फोडलेला पहिलाच."

मग नियम सांगितला. प्रत्येकाने सात फेऱ्या मारायच्या, पण चेहरा एकदाच दाखवायचा. बाकी सहा वेळा ढाल गालापर्यंत.

"एकदाच?" मामा.

"एकदाच. कुठल्या फेरीला, ते तुमचं तुम्ही ठरवा."

बाकीच्यांनी पटापट फेऱ्या वाटून घेतल्या. मामांचं ठरेना. सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष राजाकडे असणार. मधे धूळ.

"शेवटच्या," ते म्हणाले. "दमलेला योद्धा खरा वाटतो."

"गाणं संपायच्या आत पोचलात तर."

गाणं आधीच रेकॉर्ड झालं होतं, नुसते ओठ हलवले तरी चालणार होतं. पण सवय जाते कुठे? सहाही जण खड्या आवाजात गात धावले. चौथ्या फेरीपासून फक्त ओठच हलायला लागले. मी भिंतीमागे उभी राहून शिरस्त्राणं बदलत होते. सातव्या फेरीला आमचा सगळ्यात जाडा सैनिक सुताराच्या स्टुलावर बसला.

"मी शहीद झालो," तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे."

शेवटची ओळ सुरू झाली होती. मामांची मिशी एका बाजूने लोंबत होती. मी ती अंगठ्याने दाबली आणि त्यांना दरवाज्याकडे ढकललं. ढाल खाली येताना दिसली. पुढचं मला फक्त पाठमोरं दिसलं.

"कट."

दिग्दर्शकांनी शॉट दोनदा पाहिला. मग सहायकाला म्हणाले, "त्या चाळीस जणांना नको म्हणून कळव."

मामा जमिनीवर आडवे झाले होते. "दिसलो का गं?"

मी मॉनिटरवर शॉट एकेक फ्रेम पुढे नेत पाहिला. दरवाज्यातून बाहेर पडलेले सैनिक: एक्केचाळीस. मामांचा चेहरा: अठरा फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंद.