तळाला टेकलेली बोट

“पाणीच दिसतंय अजून,” तिने सासूच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

“नुसतं पाणी?”

“नुसतं पाणी. हिरवट, काळं.”

सासूने मान हलवली आणि सुनेचा दंड आणखी घट्ट धरला. शाळेच्या सभागृहात आज दोघींसाठी मुद्दाम पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवल्या होत्या. एरवी या गावाने त्यांना कुठे पुढे बसवलं नव्हतं. सासूची दृष्टी गेल्यातच जमा होती. उजेड कळायचा, माणूस आवाजावरून कळायचा. त्यामुळे भिंतीवरच्या पांढऱ्या पडद्यावर जे काही दिसणार होतं ते तिला सुनेच्याच डोळ्यांनी पाहायचं होतं.

सरोवराच्या तळातून विजेची केबल न्यायची होती. त्यासाठी कॅमेरा बसवलेलं एक यंत्र खाली सोडलं, तर त्याला केबलच्या वाटेतच एक बोट सापडली. कोणाची, कधीची, काही पत्ता नाही. पाणबुड्यालाही उतरता येणार नाही इतक्या खोल. केबलवाल्या साहेबांनी गावाला बोलावलं होतं, कोणाला काही ओळख पटते का ते पाहायला. या पाण्याने आजवर पुष्कळ बोटी गिळल्या होत्या. पण सभागृहातली निम्मी माणसं पडद्याकडे न बघता पुढच्या रांगेतल्या त्या दोघींच्या पाठींकडेच बघत होती.

तिचा नवरा कौलांच्या बोटीवर इंजिनवाला होता. बोटीचा मालक आणि तो, दोघंच. पलीकडच्या काठावर कौलं पोचवायची आणि रिकामं परत यायचं. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका दिवशी ते गेले आणि परत आले नाहीत. त्या दिवशी वारा नव्हता. नंतर एक फळी तरंगत आली नाही की तेलाचा डाग दिसला नाही. वादळात गेला असता तर गाव रडलं असतं. अशा शांत दिवशी गेलेल्या माणसासाठी कोण रडणार? त्याच्याविषयी लोक बोलतात.

आणि बोलायला वायरलेस होताच. जाळी विणणाऱ्या त्या माणसाला गावाने हे नाव उगाच नव्हतं दिलं. महिन्याभरात त्याने बातमी आणली की पलीकडच्या बाजारात त्याने इंजिनवाल्याला पाहिलं. अंगात नवा सदरा, बरोबर एक बाई. मालकाने आणि त्याने बोट विकून पैसे वाटून घेतले असणार, हे मग गावानेच जोडून टाकलं. त्या बातमीने सून लाजेने जमिनीत गेली आणि अंथरूण धरलेली सासू उठून बसली. पळालेला का होईना, तिचा पोरगा जिवंत होता.

तेव्हापासून एका घरात दोघी राहत होत्या, आणि एकीचं औषध ते दुसरीचं दुखणं होतं. दर दोन-चार महिन्यांनी सासू वायरलेसला बोलवायची, चहा करायला लावायची आणि म्हणायची, “सांग रे, कसा दिसत होता.” वायरलेस सांगायचा. तो माणूस वाईट नव्हता. म्हातारीचं तोंड उजळायचं म्हणून एकेक भर घालत गेला. सदरा कधी निळा असायचा, कधी पांढरा. पुढेपुढे त्या बाईच्या कडेवर एक मूल आलं, मग ते चालायला लागलं. चहा सुनेलाच करावा लागायचा.

धक्क्यावर लाँचच्या तिकिटांच्या खिडकीत तिला नोकरी लागली तीही सासूच्याच हट्टाने. “तिथे बसलीस की येणारा-जाणारा डोळ्यांखालून जाईल,” सासू म्हणाली होती. रोज संध्याकाळी ती घरी आली की सासू विचारायची, “आलं होतं का कोणी?” आणि ही चपला काढताकाढता म्हणायची, “आज नाही.” खिडकीशी येणारे तर काय, तोंडाला कुलूप नसलेलेच. “परतीचं तिकीटही द्या हो. तुमच्या यजमानांनी काढलं नव्हतं वाटतं.” पहिल्यांदा ती रडली होती. पुढे तीही हसून सुटे पैसे मोजून द्यायला शिकली. हसलं की माणसं लवकर पुढे सरकतात.

सगळ्यात मोठा घाव दुसराच होता. नवरा गेला त्याच्या आठवड्याभर आधी त्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भिंतीला कान लावून ऐकलं होतं. बोटीत इंजिनाकडे उतरायच्या भोकापाशी धरायला काही राहिलं नव्हतं, म्हणून या पठ्ठ्याने घरातल्या पलंगाची उशाकडची लोखंडी कठडी करवतून नेली. लग्नातला पलंग. ती भडकली होती. “एकेक करून सगळं घर त्या बोटीत भरा आणि तिकडेच राहा,” असं म्हणाली होती. कोणत्या घरात असं म्हणत नाहीत? पण तो गेल्यावर गावाला कारण सापडलं. बायकोनेच हाकललं म्हणे. सासूने ते तोंडावर एकदाच ऐकवलं, पण ते दोघींच्या मध्ये ठाण मांडून बसलं.

“काय दिसतंय आता?” सासूने विचारलं.

पडद्यावर बोट दिसत होती. बुडालेली वाटतच नव्हती. कोणीतरी अलगद नेऊन ठेवावी तशी तळाला टेकून सरळ उभी होती. साहेब समजावून सांगत होते. खालचं पाणी इतकं गार असतं की लाकूड कुजत नाही. बुडाची फळी सुटली असावी. माल जड, त्यामुळे कोणाला काही कळायच्या आत बोट थेट खाली गेली असेल. मालाची कौलं अजून रचलेली होती. नाव मात्र कुठे वाचता येत नव्हतं. कॅमेरा हळूहळू मागच्या बाजूला सरकला. फळ्यांमध्ये एक चौकोनी भोक दिसलं. भोकाच्या कडेला तारेने आवळून बांधलेली पलंगाची कठडी होती. दोन्ही टोकांना गोल वळणं, आणि मधली एक सळई वाकलेली. ती सळई कशी वाकली होती हे गावात फक्त तिला माहीत होतं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

“अगं, काय दिसतंय?”

तिच्या तोंडात ‘नाही’ तयार होतं. कोणाची तरी जुनी बोट आहे, चला घरी, एवढं म्हटलं की संपलं असतं. सासूचे असे किती दिवस राहिले होते? तेवढ्यासाठी तिच्या पोराला कशाला मारायचं? इतकी वर्षं सोसलं, आणखी थोडं. मग तिला तो दिसला, म्हणजे पडद्यावर नव्हे, मनात. तो बिचारा तिथे खाली, आणि इकडे वर सगळ्यांनी मिळून त्याला दुसरं बिऱ्हाड थाटून दिलेलं. तिने स्वतःसुद्धा. किती रात्री तिने त्या बाजारातल्या बाईला शिव्या घातल्या होत्या, आणि तिच्या बरोबरीने त्यालाही.

“ही आमच्या ह्यांची बोट आहे,” ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून मोठा निघाला. “ती कठडी माझ्या पलंगाची आहे.”

दंडावरचा सासूचा हात सुटला.

साहेब भला माणूस होता. तो जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “ताई, एका कठडीवरून बोटीला नाव लावता येणार नाही. असे पलंग पुष्कळांकडे असतात. वर काढणंही शक्य नाही. आम्हाला ‘ओळख पटली नाही’ असंच लिहावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका.”

“तुम्हाला जे लिहायचं ते लिहा, साहेब,” ती म्हणाली. “मी विचारत नाहीये. सांगतेय.”

मागच्या रांगेतून वायरलेसचा आवाज आला. तो कोणाला उद्देशून बोलत नव्हता. “मग मी बघितला तो कोण होता?”

माणसं उठून दाराकडे निघाली.

घरी जाताना उतारावर सुनेने हात पुढे केला तर सासूने तो घेतला नाही; भिंतींना चाचपडत चालली. आणि सुनेला काय होत होतं, तर तिला हलकं वाटत होतं. पायांत जोर आला होता. नवरा गेला हे तिला आज नक्की कळलं होतं आणि तिला आनंद झाला होता. लाज वाटावी इतका. तो कुठे पळून गेला नव्हता. कौलं पोचवून संध्याकाळी घरीच यायला निघाला असता.

तिने चहाला आधण ठेवलं. सासू कठडी नसलेल्या त्याच पलंगावर, भिंतीला टेकून बसली.

“साहेब म्हणाले, ओळख पटली नाही.”

“साहेबांना पटली नाही. मला पटली.”

“नाही म्हणाली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं?”

सुनेने दुधाचं भांडं उचललं.

“तुला तो मेलेलाच हवा होता,” सासू म्हणाली.

दुधाचं भांडं तिच्या हातातच राहिलं. खोटं बोलून सुटायची ही दुसरी संधी होती, आणि आता ऐकायला गावही नव्हतं. “हो, आई,” ती म्हणाली. “मेलेला चालत होता. पळालेला नको होता.”

“मला पळालेला चालत होता,” सासू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “दुसरी बायको असू दे. पोरंबाळं असू दे. मला विसरलेला असू दे. कुठेतरी जेवत असेल, एवढं पुरे होतं मला.”

“ठाऊक आहे मला. म्हणून तर रोज संध्याकाळी ‘आज नाही’ म्हणत होते. ‘कधीच नाही’ म्हटलं का तुम्हाला?”

सासू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

दार वाजलं. शेजारच्या बायका आल्या होत्या. भिंतीला कान लावणाऱ्याही त्यातच होत्या. त्या आत आल्या आणि सरळ सुनेभोवती बसल्या. एकीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत कोणी फिरवला नव्हता. “फार सोसलंस बाई,” दुसरी म्हणाली. तिसरीला आधीपासूनच खात्री होती म्हणे, की तो तसला माणूस नव्हता. हे ऐकायला सुनेने निम्मं आयुष्य दिलं असतं, किंबहुना दिलंच होतं. पण ते ऐकताना तिला भिंतीला टेकलेली सासू दिसत होती. तिच्याजवळ कोणीही बसलं नव्हतं.

“तिकडे बसा,” ती म्हणाली.

बायकांना कळेना.

“आईंजवळ बसा. माझा माणूस आज घरी आलाय. मुलगा त्यांचा गेलाय.”

बायका चुपचाप उठल्या आणि पलंगापाशी गेल्या. तेवढ्यात दारात वायरलेस येऊन उभा राहिला. त्याला आत येववेना. हातातली टोपी तो नुसती चुरगाळत होता. त्याच्या खाकरण्यावरून सासूने ओळखलं.

“मावशी,” तो म्हणाला, “मला खरंच वाटलं होतं की तोच आहे. पहिल्यांदा तरी.”

“ये,” सासू म्हणाली. “बस. आज काही सांगू नकोस. चहा घे.”

सुनेने चहा दिला. आधी सासूला, मग बाकीच्यांना. वायरलेसलाही दिला. बश्यांचा तेवढा आवाज येत होता. सासूने कप तोंडाशी नेला, तसाच खाली आणला आणि आवाजाच्या अंदाजाने सुनेच्या दिशेला तोंड केलं.

“पाणी गार आहे म्हणून लाकूड कुजलं नाही म्हणाले ना ते?”

“हो.”

“फार गार असेल का गं?”

सगळ्या बायका सुनेकडे बघायला लागल्या. ती जाऊन पलंगावर सासूच्या शेजारी टेकली.

“त्यांची जागा इंजिनापाशी होती, आई,” ती म्हणाली. “तिथे ऊब असते.”



“लहानपणीसुद्धा उबेलाच येऊन बसायचा,” सासू म्हणाली, आणि तिने कप दोन्ही हातांत धरला.