गिलोरीचा गुडघा

टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाची मागची फळी म्हणजे नदीवरचा पूल झाली होती. ज्याला वाटेल त्याने यावं आणि वरून निघून जावं. समोरच्याने लांब चेंडू टाकायचा आणि आपल्या पोरांनी तो डोक्यावरून जाताना मान वळवून बघायचा, असे तीन हंगाम गेले. स्टेडियमबाहेर सॉसेज विकणारी बाईसुद्धा म्हणायची, ‘‘यांच्यापेक्षा माझी छत्री बरी, निदान काहीतरी अडवते.’’

शेवटी मॅनेजर लोर्ना पेट्रोस्कीने ठरवलं की दुसऱ्या संघांनी वापरून टाकलेली महागडी माणसं आता आणायची नाहीत. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजची पोरं उचलतात, तिथूनच मागच्या फळीचे चौघेही नवे घ्यायचे. दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहून घर राखणारे. दोन कॉर्नर, म्हणजे चेंडू झेलायला पळणाऱ्याच्या अंगाला सावलीसारखे चिकटणारे. तीन दिवसांच्या ड्राफ्टचे पहिले दोन दिवस झाले तेव्हा तिघे मिळाले होते. राहिला होता एक कॉर्नर.

तो चौथा पोरगा ऑर्व्हिल टॅकेटने हेरून ठेवला होता.

ऑर्व्हिल एकतीस वर्षं संघासाठी पोरं हेरत फिरत होता. जूनमध्ये त्याची नोकरी संपणार होती. लुइझियानातल्या ओपलूसास गावचा लाव्हेल गिलोरी त्याने एका लहानशा कॉलेजच्या मैदानावर पाहिला, आणि हातातलं स्टॉपवॉच दाबायचंच विसरला. असं त्याच्या हातून आयुष्यात दोनदाच घडलं होतं. पोरगा उंचीला कमी, म्हणून इंडियानापोलिसच्या मोठ्या चाचणीला त्याला बोलावलंच नव्हतं. पण पाय असे की समोरचा वळायच्या आधीच हा वळलेला.

‘‘तुमचा गिलोरी चौथ्या फेरीत घेऊ,’’ लोर्नाने फेब्रुवारीत शब्द दिला होता. ‘‘तोवर कुणी उचलला नाही तर.’’

कुणी उचलू नये याची सोय ऑर्व्हिलने स्वतःच केली होती. या धंद्यात हवा असलेला पोरगा नको आहे असं दाखवायचं आणि नको असलेल्याचे गोडवे गायचे, हा रिवाजच. बर्मिंगहॅमला एका खाणावळीत तळलेला मासा खाता खाता तो ओमाहाच्या संघासाठी पोरं हेरणाऱ्या डेल स्पर्लॉकजवळ हळूच बोलला होता, ‘‘गिलोरीचं काही खरं नाही रे. गुडघा गेलाय. घरचे लपवतायत.’’ आणि आपल्या ऑफिसात याचं एक अक्षर काढलं नव्हतं, कारण बातमी फुटते ती घरातूनच.

शनिवारी दुपारी चौथी फेरी आली. टोलेडोचा नंबर लागला आणि भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटांवरून उलटं पळायला लागलं.

लोर्ना म्हणाली, ‘‘आयोवाचा तो उंच कॉर्नर घेऊन टाकू.’’

ऑर्व्हिलला वाटलं आपल्या कानात मळ साचलाय. ‘‘आणि गिलोरी?’’

‘‘तो फळ्यावर नाही.’’

घ्यायच्या पोरांची नावं लावलेल्या फळ्यावर तो खरंच नव्हता. ऑर्व्हिलने मान वळवली. दाराजवळच्या भिंतीवर, हात लावायचा नाही अशा पोरांच्या रांगेत, गिलोरीच्या नावाची पट्टी होती आणि तिच्यावर लालभडक ठिपका.

‘‘हे कुणी केलं?’’

‘‘मी,’’ डॉक्टर हॉगन म्हणाले. संघाचे डॉक्टर, एकोणीस वर्षं इथेच. ‘‘काल रात्री. गुडघा. वाईट आहे म्हणतात.’’

‘‘तुम्ही तपासलात?’’

‘‘तो चाचणीला आलाच कुठे होता तपासायला? पण मला तीन ठिकाणांहून कळलंय, टॅकेट. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणांहून. मी काही ऐकीव गोष्टींवर जात नाही.’’

ऑर्व्हिलने घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं वीस सेकंद. आता इथे बोललं नाही तर पोरगा घरी बसणार. सगळ्या अमेरिकेत तीस संघांच्या तीस भिंतींवर असाच लाल ठिपका असणार, आणि तो त्याच्या तोंडून उडालेला. पण सगळ्यांसमोर कबूल करायचं म्हणजे! एकतीस वर्षांचं नाव जूनच्या तोंडावर मातीत. त्याने कडेकडेने जायचं ठरवलं.

‘‘तीन ठिकाणं चुकू शकतात, डॉक्टर.’’

‘‘तीन? एकदम? विचारू या का?’’ डॉक्टर ताठ झाले आणि त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

पहिला वर्तमानपत्रवाला. ‘‘गिलोरीचा गुडघा? हो हो, पक्की बातमी. ओमाहाच्या स्पर्लॉकने सांगितलं.’’

दुसरा एका कॉलेजचा व्यायामशिक्षक. ‘‘गुडघा ना? कामातून गेलाय. कुणाकडून कळलं म्हणजे... स्पर्लॉकच बोलला बहुतेक.’’

डॉक्टरांचा चेहरा जरा लांबला. लोर्नाने विचारलं, ‘‘आणि तिसरं ठिकाण कोणतं?’’

‘‘स्पर्लॉक,’’ डॉक्टर पुटपुटले.

दोन मिनिटं चाळीस.

‘‘राहू द्या ना, कशाला त्याला फोन,’’ ऑर्व्हिल म्हणाला. ‘‘त्याला आज काम असेल.’’

‘‘लावा,’’ लोर्ना म्हणाली.

स्पर्लॉकचा आवाज खोलीभर घुमला. ‘‘हॉगन! ड्राफ्टच्या मधोमध? काय, वाट चुकलात की काय?’’

‘‘गिलोरीच्या गुडघ्याचं तुला कुणी सांगितलं?’’

‘‘तुमच्याच टॅकेटने! माझ्या ताटातला मासा खात होता आणि सांगत होता. डोळ्यांत पाणी होतं म्हाताऱ्याच्या.’’

खोलीतले सगळे ऑर्व्हिलकडे वळले. त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं.

‘‘पाणी मिरचीमुळे आलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘गुडघ्याला काही झालेलं नाही. मीच सोडलेली थाप होती.’’

‘‘तुम्ही!’’ लोर्ना ओरडली. ‘‘लोकांना थापा मारा, माझी ना नाही. पण घरात तरी सांगायचं की थाप आहे म्हणून!’’

‘‘घरातूनच फुटतं, म्हणून...’’

‘‘थांबा, थांबा,’’ फोनमधून स्पर्लॉक म्हणाला. ‘‘म्हणजे गुडघा धड आहे?’’

फोन चालूच आहे हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. पलीकडे खुर्ची फरफटल्याचा आवाज आला. मग स्पर्लॉक कुणाला तरी हाका मारत पळत गेला. टोलेडोच्या पाठोपाठ नंबर ओमाहाचा होता.

एक मिनिट पाच.

लोर्ना ऑर्व्हिलसमोर येऊन उभी राहिली. ‘‘आत्ता खरं बोलताय हे मी कशावरून मानू?’’

एकतीस वर्षांत हा प्रश्न ऑर्व्हिलला कुणी विचारला नव्हता. तो फोनकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘माझ्यावरून मानू नका. ओमाहाचा माणूस का पळाला, त्यावरून माना.’’

लोर्नाने ड्राफ्टच्या जागी बसलेल्या संघाच्या माणसाला दुसरा फोन लावला. ‘‘नाव लिही. लाव्हेल गिलोरी, कॉर्नर. हो, तोच. गुडघ्याचं मला सांगू नकोस, लिही!’’ घड्याळात अकरा सेकंद उरले होते. तिने फोन ठेवला आणि ऑर्व्हिलच्या छातीवर बोट टेकवलं. ‘‘आता त्याच्या घरी फोन तुम्ही करायचा. आणि झालेलं सगळं सांगायचं. सगळं.’’

ऑर्व्हिल कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. फोन आईने उचलला.

‘‘मिसेस गिलोरी, मी टोलेडोहून ऑर्व्हिल टॅकेट.’’

‘‘ओळखलं हो. गंबो रश्श्याच्या तीन वाट्या रिचवून गेलात आणि परत तोंड दाखवलं नाहीत.’’

‘‘तुमच्या लाव्हेलला आम्ही घेतलंय.’’

पलीकडे जो गलका उठला तो ऑर्व्हिलने फोन कानापासून हातभर लांब धरून ऐकला. कुणीतरी खुर्चीवरून पडलं. भांडी वाजली. सगळं निवल्यावर त्याने घसा खाकरला आणि काहीही न गाळता सांगून टाकलं: मासा, स्पर्लॉक, गुडघा, लाल ठिपका.

‘‘दोन महिने या घरात फोन वाजला नाही, मिस्टर टॅकेट,’’ ती हळू म्हणाली. ‘‘पोरगा रात्री अंगणात एकटाच पळायचा. मी खिडकीतून बघायची. ते तुमच्यामुळे होय?’’

‘‘माझ्यामुळे.’’ मग तो म्हणाला, ‘‘मी रविवारी येतो. तुमच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो, त्याच्या गुडघ्याला कधी काहीच झालं नव्हतं.’’

‘‘खबरदार!’’

ऑर्व्हिल दचकला.

‘‘मार्चमध्ये ती बातमी गावात पोचली, तेव्हापासून अख्खं चर्च त्या गुडघ्यासाठी प्रार्थना करतंय. सिस्टर ओझेलने वयाच्या ऐंशीव्या वर्षी जमिनीवर बसून त्याला तेल चोळलंय. पास्टरसाहेबांनी तीन रविवार त्या एका गुडघ्यावर प्रवचन केलं. ईस्टरला पोराने सगळ्यांसमोर उडी मारून दाखवली तेव्हा दोन बायका भोवळ येऊन पडल्या! आणि तुम्ही आता येऊन सांगणार की मुळात काही नव्हतंच?’’

‘‘पण लाव्हेलने सांगितलं नाही का, दुखत नाही म्हणून?’’

‘‘रोज सांगायचा बिचारा. सगळे म्हणायचे, पोराची श्रद्धा बघा केवढी.’’ तिने श्वास घेतला. ‘‘तुमचा हिशेब मी नंतर करीन. तुम्ही या, पाहिजे तर अंगण झाडा, भांडी घासा. पण गुडघ्याविषयी ब्र काढायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, आता बरा आहे. एवढंच.’’

‘‘आता बरा आहे,’’ ऑर्व्हिल म्हणाला.

‘‘शहाणे आहात. हा घ्या, लाव्हेलशी बोला.’’

लाव्हेल फक्त एवढंच म्हणाला, ‘‘सर, तेलाचा वास अजून जात नाही.’’

ऑर्व्हिल फोन ठेवून टेबलाशी परत आला. पडद्यावर ओमाहाने आयोवाचा उंच कॉर्नर घेतल्याचं दाखवत होते. लोर्ना पहिल्यांदाच हसत होती. मागच्या फळीचे चौघे पुरे झाले होते. डॉक्टर मात्र अजून तो लाल ठिपका नखाने खरवडत होते, आणि तो निघत नव्हता.

‘‘सांगितलंत सगळं?’’ लोर्नाने विचारलं.

‘‘सगळं.’’

‘‘मग? आई काय म्हणाली?’’

ऑर्व्हिल जरा घुटमळला. ‘‘म्हणाली, गुडघा आता बरा आहे.’’

डॉक्टर हॉगन ताडकन उभे राहिले. ‘‘आता? आता बरा आहे? म्हणजे आधी नव्हता! लोर्ना, ऐकलंस? म्हणजे माझा ठिपका बरोबरच होता!’’

लोर्नाचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने मान वळवून ऑर्व्हिलकडे पाहिलं. ऑर्व्हिलने टेबलावरच्या ताटलीत उरलेला कोबीचा अख्खा रोल उचलून तोंडात कोंबला, आणि आपल्याला बोलता येत नाही अशी हाताने खूण केली.